आधी घर आवरायला हवं

मालेगाव जहाँगीर,
३० सप्टेंबर २०२४

चि. वैष्णवी,

आशीर्वाद. विकासरावांना नमस्कार सांग आणि रुचिकाच्या दोन्ही गालांचा पापा घे. तिचा पुढचा दात पडला म्हणालीस. पडलेला दात छपरावर फेकायचा असतो, तुमच्या बाराव्या मजल्यावर तुम्ही काय केलंत देव जाणे.

मी मजेत आहे. इकडे सोयाबीनची सोंगणी सुरू झाली. सकाळी सात वाजता सगळ्या बाया विळे घेऊन गाड्यांत बसतात आणि गाव रिकामं होतं. आपलं शेत यंदाही नथ्थूकडेच बटईनं, अर्ध्या वाट्यानं आहे. तो म्हणतो शेंग बरी भरली आहे.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. तू हल्ली बोलता बोलता 'व्हिडिओ लाव' म्हणतेस आणि माझ्या फोनचा कॅमेरा बिघडला आहे. शेजारच्या गोपालचं मोबाईलचं दुकान आहे, त्याला दाखवायचा आहे. शिवाय फोनवर तू मध्येच बोलतेस आणि माझं सांगायचं राहून जातं. कागदावर तसं होत नाही. एकतीस वर्षं फळ्यावर लिहिलं, अक्षर अजून वळणदार आहे, बघ.

सांगायचं ते असं, की यंदा दिवाळीला तुम्ही येऊ नका.

रागावू नकोस. घराला रंग द्यायचं माझ्या मनात आहे. बाबा गेल्याला दोन वर्षं झाली, तेव्हापासून भिंतींना हात लागलेला नाही. वाशीमचा एक रंगारी आहे, त्याला दिवाळीच्या आसपासच वेळ आहे. रंगकाम म्हणजे तुला ठाऊक आहे, सगळं सामान एका खोलीतून दुसऱ्या खोलीत. रुचिकाला धुळीनं शिंका येतात. तुम्हाला झोपायला कुठे देऊ?

मदतीला बाई लाव, असं तू प्रत्येक फोनवर सांगतेस. वैष्णवी, बाई मिळत नाही. सोंगणीत मजुरी चांगली मिळते, ती सोडून माझी फरशी पुसायला कोण येणार? आणि आलेल्या तरी कशा? मागच्या वर्षभरात तीन बाया येऊन गेल्या. एकीने दिवाण न सरकवता झाडलं. दुसरीने मोरी आणि ओटा एकाच फडक्यानं पुसला. तिसरी बरी होती, पण मी तिच्यामागे फडकं घेऊन फिरते म्हणून आठव्या दिवशी आलीच नाही. दिसतं तेवढंच साफ करायचं, ही आताची पद्धत. मी शाळा सांभाळून तुझं, बाबांचं आणि सासूबाईंचं सगळं केलं, कधी कोणाला हात लावू दिला नाही. बाबांच्या आजारपणात धुरपताबाईला ठेवावं लागलं तेवढंच. तिचं कामही शेवटी मला पटेनासं झालं, ते तुला सांगितलंच होतं. ती आता शेजारी तनुजाकडे, म्हणजे गोपालच्या बायकोकडे, धुण्याभांड्याला जाते.

बाबांच्या तिथीला यंदा कोणाला घरी जेवायला बोलावलं नाही. देवळात शिधा दिला. एकटीच्यानं पानं वाढणं होत नाही आता.

तीन तारखेला घट बसतील. तयारी चालू आहे.

दिवाळीनंतर मीच पुण्याला येईन, जमलं तर. तिकीट काढलं नसशील तर काढू नकोस.

तुझी,
आई


मालेगाव जहाँगीर,
१३ ऑक्टोबर २०२४

चि. वैष्णवी,

दसऱ्याचं सोनं घे, सोन्यासारखी राहा. विकासरावांना आणि रुचिकालाही दे.

तुझे फोन आले, उचलता आले नाहीत. काळजीचं काही नाही. डाव्या हाताला थोडा मुका मार लागला आहे. उजवा हात चांगला आहे, हे अक्षर बघून तुला कळेलच. नवरात्र छान झालं. घटाचं धान चांगलं उगवलं होतं.

तुझा मेसेज वाचला. तू अठ्ठावीस तारखेच्या रात्रीच्या ट्रॅव्हल्सची तिकिटं काढलीस. मी एवढं लिहूनही काढलीस. 'माझ्याच घरी यायला मला परवानगी लागते का', असं तू लिहिलं आहेस. वाक्य मी तीनदा वाचलं.

परवानगीचा प्रश्न नाही. घर पाहुण्यांना बोलावण्याजोगं नाही, एवढंच. तू पाहुणी नाहीस असं म्हणशील. पण मी तुझ्याकडे यायची असले की तू दोन दिवस आधीपासून घर आवरतेस, पडदे धुतेस, गॅसच्या शेगडीखालचं खरवडतेस, हे मला विकासराव एकदा हसत हसत बोलून गेले होते. तेव्हा मला बरं वाटलं होतं. मुलीला वळण आहे, असं वाटलं होतं.

रंगारी आला नाही. तो येणार होता की नाही, हे आता विचारू नकोस.

धुरपताबाई सध्या दोन वेळा भाकरी-भाजी आणून देते आहे. हाताला आराम पडेपर्यंतच. तेव्हा जेवणाची आबाळ नाही.

तिकिटं परत केली तर थोडे पैसे कापतील, ते मी भरून देईन. पण या वर्षी नको. तुला एकदा तरी माझं ऐकता येणार नाही का?

आई


मालेगाव जहाँगीर,
२१ ऑक्टोबर २०२४

वैष्णवी,

हे पत्र स्पीड पोस्टानं पाठवते आहे. तू निघायच्या आत तुझ्या हातात पडायला हवं. वाचताना रुचिका जवळ नसू दे.

घरात घाण आहे. शाळेत मुलांच्या वह्यांत मी लाल शाईनं 'अस्वच्छ' लिहायची, तशी नाही. खरी घाण.

ओट्यावर भांडी आहेत, किती दिवसांची ते मला सांगता येत नाही. काही भांड्यांत काय होतं तेही ओळखू येत नाही. मधल्या खोलीत पेपरांचे गठ्ठे, धुवायचे कपडे, धुतलेले कपडे, बाबांच्या औषधांचे खोके, रिकाम्या पिशव्या, सगळं एकमेकांवर. मधून एक पाऊलवाट आहे, माझ्या दिवाणापासून न्हाणीपर्यंत. तुझ्या खोलीचं दार उघडत नाही. आत रचलेलं काहीतरी पडून दाराला अडलं आहे. पावसाळ्यात त्या खोलीत पाणी गळत होतं, पण गवंडी बोलवायचा तर त्याला आत घ्यावं लागलं असतं.

कचऱ्याच्या पिशव्या न्हाणीजवळ आहेत. घंटागाडी रोज दारावरून जाते. पण एकट्या बाईच्या घरातून एका दिवसात चार-पाच पिशव्या निघाल्या तर लोक बघतील, म्हणून रोज एकच न्यायची असं मी ठरवलं. मग तीही राहायला लागली. वास येतो म्हणे. मला येत नाही, धुरपताबाईनं सांगितलं.

घट बसवले नाहीत. धान उगवलं नाही. रंगारी कोणी नव्हता. फोनचा कॅमेरा चांगला आहे.

हे कसं झालं ते मलाही नीट माहीत नाही. बाबांची तेरवी करून तुम्ही गेलात तेव्हा घर लखलखीत होतं, तुझ्या आत्याबाईंनी भांडीसुद्धा चिंचेनं घासून ठेवली होती. त्यानंतर मी रोज चारलाच उठायची, सवय होती. फडा हातात घ्यायची, आणि बसून राहायची. झाडून कोणासाठी ठेवायचं ते कळेना. धुरपताबाई यायची, तिचं तिचं करून जायची, म्हणून घर घर दिसत होतं.

एक दिवस ती आली तेव्हा अकरा वाजले होते. मी मोरीच्या कठड्यावर हातात ब्रश घेऊन बसले होते. नळ चालू होता. कधीपासून बसले होते ते मला सांगता आलं नाही. तिनं नळ बंद केला, माझ्या हातातून ब्रश घेतला आणि म्हणाली, "मॅडम, पोरीले फोन लावू का?"

मी तिला दुसऱ्या दिवशी कामावरून काढलं. कोपऱ्यात केस राहतात, असं कारण सांगितलं. तुलाही तेच सांगितलं. खरं कारण हे, की तिनं मला तसं बघितलं होतं. एकतीस वर्षं मी लोकांच्या मुलांची नखं तपासली, वैष्णवी. मला कोणी तपासलेलं सोसलं नाही.

आणि नुसतं काढलं नाही. कोणी विचारलं, की सांगायची, धुरपता घाण काम करते. आपल्या शिक्षक कॉलनीत माझा शब्द कोण मोडणार? तिची दोन घरं सुटली. हे मला ठाऊक होतं.

नंतर ज्या तिघी आल्या त्यांच्याबद्दल मी तुला लिहिलं ते खरं आहे, पण अर्धं. नवी बाई यायची म्हणून मी आदल्या दिवशी घर आवरायला घ्यायची. बाईला आपली घाण दिसू नये. तेवढं आवरून दमून जायची, मग तिच्या चुका काढायची. तिसरी गेल्यावर चौथीला बोलावणं झालं नाही, कारण तोवर आवरण्याच्या पलीकडे गेलं होतं. बाई बोलवायची तर आधी घर आवरायला हवं, आणि आवरणं होत नाही म्हणूनच बाई हवी. या दोन वाक्यांत मी वर्षभर फिरते आहे. माणूस दारावर आला की मी आधीच बाहेर ओट्यावर येऊन उभी राहते, दार मागून ओढून घेते. हसून बोलते. लोक म्हणतात मॅडमची तब्येत छान आहे.

नऊ तारखेला, बुधवारी, मी पडले. सकाळी नऊच्या सुमाराला मधल्या खोलीतून जाताना पेपरांवरून पाय घसरला. डाव्या हातावर आले. मनगटाचं हाड मोडलं आहे, मुका मार नाही. प्लास्टर आहे सहा आठवड्यांचं. कंबरही लागली आहे, पण ते काळं-निळं आता पिवळं पडत चाललं. धुरपताबाई शेजारी तनुजाकडे भांडी घासायला आली होती, तिला आवाज आला, ती मागच्या दारानं आत आली आणि तिनं मला ऑटोनं दवाखान्यात नेलं.

तेव्हापासून ती रोज येते. भाकरी आणते, माझी वेणी घालते, न्हाणीपर्यंतची वाट मोकळी करून दिली आहे. बाकी कशालाही हात लावत नाही.

तुझा मेसेज आला त्या दिवशी मी तिला म्हटलं, धुरपता, माझी वैष्णवी येते आहे. अजून पंधरा दिवस आहेत. तुझ्या सुनेला घे, अजून दोघींना घे, काय लागेल ते देते. एकदा सगळं साफ करून टाक, तिला कळताच कामा नये.

ती चुलीजवळ बसावी तशी त्या पसाऱ्यात टेकली आणि म्हणाली, "नाई करत."

मला वाटलं, जुना राग आहे. मी माझी चूक कबूल करायला लागले, तर तिनं हात वर केला.

"राग हाय, पण तुमी मले काढलं थ्याचा नाई. साऱ्या कॉलनीत सांगतलं का धुरपता घाण काम करते, थ्याचा हाय. पण हे त्याच्यासाठी नाई म्हणून राह्यली मी. आज मी झाडून देईन. पोरगी येईन, चार दिस राहीन, म्हणन आईचं घर कसं चकचकीत हाय, अन् जाईन. मंग पुढच्या साली तुमी पुन्हा पडान. अन् तवा मी नसीन शेजारी. मंग पोरगी म्हणन, धुरपताबाईले सारं दिसत होतं अन् तिनं मले सांगतलं नाई."

मी म्हटलं, मग तूच तिला फोन कर.

"मी कायले करू? माय तुमी हाय तिची. तुमी लिवा. तुमी लिवलं का मी फडा हातात घेते."

आठ दिवस मी लिहिलं नाही. ती रोज आली, रोज भाकरी ठेवली, आणि जाताना विचारायची, "लिवलं?" मी म्हणायची, उद्या. घर तसंच. तारीख जवळ येत चाललेली. मला हाताला प्लास्टर, दारापर्यंत जायला तिचा आधार. चौदा पावलांच्या वाटेवर मी, आणि दोन्ही बाजूंनी माझाच पसारा. बाहेर तुझी येण्याची तारीख. अशी कुठे कोंडलेली मी आयुष्यात नव्हते.

या आठ दिवसांत मला तुझं बाळंतपण फार आठवलं. रुचिका नऊ दिवसांची होती. मी पुण्याला तुझी सेवा करायला आले होते आणि तिसऱ्याच दिवशी तुझं सगळं स्वयंपाकघर मी खाली काढलं. डब्यांना चिकट हात लागतात म्हणून. त्या संध्याकाळी विकासरावांच्या घरची माणसं बाळ बघायला आली, आणि सगळीकडे डबे पसरलेले. त्यांच्यासमोर मी म्हणाले, घर बाईच्या हाती दिलं की असंच होतं. तू आतल्या खोलीतून आलीस. टाके ओले होते तुझे. तू ओट्याजवळ उभी राहून एकेक डबा पुसून वर ठेवायला लागलीस. मी तुला थांबवलं नाही. मला वाटलं, बरं झालं, लक्षात आलं तिच्या.

तू त्यावर कधी काही बोलली नाहीस. फक्त एकदा, दोन वर्षांनी, मी जायला निघाले तेव्हा म्हणालीस की आई, तू आलीस की मला माझ्याच घरात पाय कुठे ठेवावा कळत नाही. मी ते बाबांना सांगितलं, तक्रार म्हणून. बाबांनी माझी बाजू घेतली नाही. तेव्हा त्यांचा राग आला होता.

आता मलाही माझ्या घरात पाय कुठे ठेवावा कळत नाही. याला शिक्षा वगैरे म्हणत नाही मी. तुला एवढंच कळवते आहे की तू म्हणाली होतीस ते मला आता समजलं.

काल मी धुरपताबाईसोबत तनुजाकडे गेले. मीच म्हटलं जाऊ या. तनुजाची सासू, जिजाबाई, बाहेर वाती वळत बसली होती. मी तिला सांगितलं, की धुरपताबाईच्या कामाबद्दल मी जे सांगत होते ते खोटं होतं, तिच्या कामात काही खोट नव्हती. जिजाबाई म्हणाली, होय का. तनुजा चहा ठेवते म्हणाली. मला वाटलं होतं काहीतरी मोठं होईल. काही झालं नाही. धुरपताबाई तोवर आत जाऊन भांडी घासायला लागली होती. ज्या दोन घरांनी तिला काढलं, तिथे मी अजून गेलेले नाही. जाईन म्हणते.

तर असं आहे सगळं. तू ये, अगर येऊ नको, मी आता आग्रह धरत नाही. येशील तर हे वाचून ये.

तुझी आई

—

वैष्णवी, पत्र इथे संपलं होतं. पाकिटात घालणार, तेवढ्यात धुरपताबाई म्हणाली, वाचून दाखवा. तिला माझ्यावर भरवसा नाही आणि तो नसण्याचं कारण मीच आहे. मी सगळं वाचून दाखवलं. तिचं स्वतःचं बोलणं वाचताना मला अवघड वाटलं, ती मात्र भिंतीला टेकून ऐकत होती. मी पडल्याचं वाचलं तिथे तिनं मला थांबवलं.

"आवाज आला? मले कधी आवाज आला?"

मी म्हटलं, एवढं काय त्यात.

"तनुजा आलती तवा तुमी काय सांगतलं तिले, थे लिवा."

मी म्हटलं, ते वैष्णवीला सांगायची गरज नाही. तिला फार लागेल.

ती म्हणाली, "मंग थेच लिवा."

लिहिते.

मी सकाळी नऊला पडले आणि धुरपताबाई आली तेव्हा चार वाजून गेले होते. मधले सात तास मी पडलेलीच होते. हात अंगाखाली आला होता, उठता येत नव्हतं. फोन दिवाणावर होता. दोनदा वाजला. दुसऱ्यांदा तू असशील असं वाटलं.

साधारण बाराला तनुजा दारावर आली. तिला नऊ दिवसांचा उपास होता, माझ्यासाठी साबुदाण्याची उसळ घेऊन आली होती. तिनं कडी वाजवली. मॅडम, मॅडम, अशा हाका मारल्या. ती माझ्यापासून दहा हातांवर होती, मध्ये फक्त दार. नुसतं तनुजा म्हटलं असतं तरी तिनं गोपालला बोलावून दार तोडलं असतं.

मी फरशीवर पडल्या पडल्या आवाज नीट केला. शाळेत साहेब तपासणीला आले की मी जो आवाज काढायची, तो. आणि म्हटलं, पूजा चालू आहे गं, ताट ओट्यावर ठेवून जा.

ती म्हणाली, बरं मॅडम. ताट ठेवल्याचा आवाज मी ऐकला. मग तिची पावलं. फाटक लावल्याचाही आवाज आला. मला तेव्हा काय वाटलं ते सांगते, कारण धुरपताबाई समोर बसली आहे. मला हायसं वाटलं. हात मोडला होता, तहान लागली होती, आणि मला हायसं वाटलं की तिनं काही बघितलं नाही.

त्यानंतर मी पुन्हा हाक मारली नाही. मारता आली असती. गल्लीतून माणसं जात होती, भाजीची गाडी गेली. मी ठरवलं होतं, की उठता आलं तर उठेन, नाही आलं तर नाही. पण कोणाला आत घ्यायचं नाही. मेल्यावर लोक आत येतीलच, तेव्हा मला बघावं लागणार नाही, असाही विचार मनात येऊन गेला. हे लिहायला मला फार वेळ लागला, अक्षर बघ.

चारला धुरपताबाई तनुजाच्या मोरीवर आली. तिला आपल्या ओट्यावरचं ताट दिसलं. त्यात शेळीनं तोंड घातलं होतं. तिनं तनुजाला विचारलं, तनुजा म्हणाली मॅडमची पूजा चालू आहे. धुरपताबाईनं आमच्या घरी तीन वर्षं काम केलं. माझी पूजा दहा मिनिटांत आटोपते हे तिला ठाऊक होतं. ती कोणाला काही न बोलता मागच्या बाजूनं आली. मागच्या दाराची खिट्टी बाहेरून कशी सरकवायची ते तिला येतं.

ती आत आली तेव्हा मी तिला पहिलं काय म्हटलं ठाऊक आहे? वाचव म्हटलं नाही, पाणी दे म्हटलं नाही. कोणाला आत बोलावू नकोस, असं म्हटलं. तिचा पदर धरून म्हटलं.

तिनं इकडे तिकडे बघितलंही नाही. मला भिंतीशी टेकवून बसवलं, पाणी पाजलं, हाताला ओढणीची झोळी करून बांधली. ऑटो मागच्या बोळात आणवला. मला त्या बोळातून नेलं, पुढून नाही. कॉलनीत अजून कोणाला आतलं काही माहीत नाही. तनुजाला वाटतं मी पूजा झाल्यावर पडले. एवढं तिनं माझं ऐकलं, मी तिच्याशी तसं वागूनही. फक्त तुझ्याबाबत ऐकायला तयार नाही.

आता मी तिला हेही वाचून दाखवलं. ती उठून ओट्याजवळ गेली आणि वरचं एक पातेलं उचलून तिनं नळाखाली धरलं आहे. म्हणाली, एक घासते, बाकीचं पोरगी आल्यावर.

म्हणजे तू येशील तेव्हा हे सगळं असंच असेल. ती तुझ्यासमोरच हात लावणार म्हणते. मी तिला अजून दोनदा विनवलं, निदान न्हाणीजवळच्या पिशव्या तरी ने म्हटलं, तर नाही. तुझ्या चेहऱ्यावर आत आल्याबरोबर जे येईल, ते मला बघावं लागेल. मी दिवाणावर बसलेली असेन. मला उठून दुसरीकडे जायला जागा नाही. रुचिकाला पहिल्या दिवशी तनुजाकडे ठेवू. तिनं आजीला असं बघू नये, एवढं मात्र माझं ऐक.

तू रागावशील, रडशील, की कंबर बांधून कामाला लागशील, मला माहीत नाही. कामाला लागू नकोस. आधी बस माझ्याजवळ. बसायला जागा करून ठेवते.

धुरपताबाईनं हात पुसले. पोस्ट पाचला बंद होतं म्हणते. ती चपला घालते आहे. माझं पाकीट अजून उघडंच आहे, आणि ते एकदा तिच्या हातात गेलं की मला परत मागता येणार नाही, म्हणून इथेच थांबते.

तुझी,
आई